माझ्या दारावरची तीन अक्षरं

मी लातूरच्या अश्वजित सरांच्या घरचा लाल फ्रिज बोलतोय. चालू होतो तेव्हा नुसता घरघरायचो, माझं कोण ऐकणार? आता बंद पडलोय, पण जिवाला स्वस्थता म्हणून नाही. दुसऱ्यांना गार करण्यात जन्म गेला, स्वतः मात्र कधी थंड बसलो नाही.

कारखान्यातला जन्म मला आठवत नाही. आठवतो तो टेम्पोतला प्रवास आणि दारात वाट बघत उभ्या असलेल्या तारामतीबाई, सरांच्या पत्नी. त्यांनी सगळ्यात आधी माझ्यात पाण्याच्या बाटल्या भरल्या. इथं नळ कधी येईल त्याचा नेम नाही, त्यामुळे घरात माझा मान मोठा. वीज मात्र माझ्या मुळावर उठलेली. दाब असा खालीवर व्हायचा की शेजारचा स्टॅबिलायझर दिवसभर टकटक करायचा आणि मला धाप लागायची.

त्यांची लेक लुंबिनी पहिलीत गेली, तेव्हा सरांनी तिला चुंबकाची इंग्रजी अक्षरं आणली आणि माझ्या दारावर चिकटवली. सर औशाच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. सकाळी बस गाठायच्या आधी ते तीन अक्षरं वेगळी काढून ठेवायचे. ती तिन्ही ज्यात येतात असा शब्द लेकीनं शोधायचा. नियम कडक होते. शब्द समोरासमोर, तोंडानं सांगायचा. नाही सापडला तर ‘हरले’ म्हणायचं, त्याशिवाय अक्षरं हलवायची नाहीत. एकदा एल, टी, आर होते. पोरगी मोठ्या ऐटीत ‘लातूर’ म्हणाली. सर म्हणाले, गावाचं नाव चालत नाही. त्यावर दोघांचं असं भांडण जुंपलं की माझ्यातलं दूध बाहेर काढून उकळायचं राहून गेलं. संध्याकाळी सर घरात आले की आधी माझ्याकडे बघायचे, मग पाणी मागायचे. मला तेव्हा फार बरं वाटायचं.

मग लुंबिनी बारावीला आली. लातुरात ज्या घरी बारावीचं मूल असतं, तिथं टीव्हीसुद्धा दबकत बोलतो. लेक डॉक्टर व्हावी, हे सरांचं एकच वेड. तिचे मार्क थोडे कमी पडले. पुन्हा परीक्षा दिली, पुन्हा कमी पडले. सर म्हणाले, अजून एकदा. तिनं मान हलवली आणि नांदेडला नर्सिंगला प्रवेश घेऊन आली. आईला माहीत होतं, बापाला नव्हतं.

सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, “तू मला विचारलं न्हाईस. आता मीही तुला काही विचारणार न्हाई.”

आणि शब्दाला जागले. फोन आला की तारामतीबाईंकडे द्यायचे. ती सुट्टीत आली तर सर स्वयंपाकघरातून माझ्याकडे न बघता जायचे. दारावरची अक्षरं धूळ खात पडली.

अशाच एका सुट्टीत, परत निघताना लुंबिनी माझ्यापुढं थांबली. तिनं एक्स, वाय आणि झेड ओळीत लावले आणि सरांना ऐकू जाईल अशा आवाजात आईला म्हणाली, “पप्पांना सांग, यावेळी डाव माझा हाय. त्यांनी शब्द सांगेपर्यंत अक्षरं हलवायची न्हाईत.”

सरांनी ऐकलं नाही असं दाखवलं. पण दुसऱ्या दिवसापासून माणूस कामाला लागला. शाळेतून आला की माझ्यासमोर उभा. ओठ हलतायत, बोटं हवेत लिहितायत. झेड सापडला की वाय पळायचा, वाय धरला की एक्स निसटायचा. ते शब्दकोश घेऊन बसले की मी मुद्दाम घरघर कमी करायचो, म्हणजे करायला बघायचो.

त्या उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यानं तारामतीबाईंच्या अंगाला खाज सुटली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. आपल्याकडे औषध म्हटलं की माझंच दार. त्यांनी स्ट्रिप अंड्यांच्या कप्प्यात खोचली. सर पाण्याला आले, नजर त्या चंदेरी कागदावर पडली. चष्मा वर करून त्यांनी वाचलं, “हायड्रॉक्झिझिन.” बोट ठेवून पुन्हा वाचलं. तिन्ही अक्षरं एकाच शब्दात, एकामागोमाग, रांगेत उभी. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

सर कितीतरी महिन्यांनी हसले. फोन काढला, लेकीचा नंबर लावायला गेले आणि थांबले. “येऊ दे घरी,” असं पुटपुटले. “तोंडावर सांगतो. कळू दे बाप कोण हाय ते.”

तारामतीबाई मागून म्हणाल्या, “दार लावा की. काय शोधायलात एवढं?”

स्ट्रिप होती तिथं खोचून सरांनी दार लावलं. मी मात्र तळमळत राहिलो. पोरगी तिकडे झुरतेय, आई इकडे झुरतेय, आणि हा गृहस्थ शब्द खिशात धरून बसलेला. मला तोंड असतं तर मीच नांदेडला फोन केला असता.

त्या तळमळीत एका दुपारी विजेचा दाब एकदम चढला आणि माझा कॉम्प्रेसर जळाला. दुरुस्तीला अर्थ नाही, असं ठरलं. काचेच्या दाराचा नवा फ्रिज आला. जुना घेऊन जायला दुकानाचा टेम्पो रविवारी येणार होता. त्याच रविवारी लुंबिनी नांदेडच्या बसनं आली.

पोरगी वाळली होती. ती सरळ माझ्यापुढं आली. अक्षरं जिथल्या तिथं बघून तिचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. बाहेरून टेम्पोवाला म्हणत होता, तेवढं दारावरचं काढून द्या.

सर आत आले. त्यांनी माझं दार उघडलं, कप्प्यातली स्ट्रिप काढली आणि शर्टाच्या खिशात घातली. मी समजलो, आता पुरावा दाखवणार. जिंकणार.

“पप्पा, सापडला का?” लुंबिनीनं विचारलं.

सर तिच्या, वॉर्डात उभं राहून सुजलेल्या पायांकडे बघत राहिले.

“न्हाई सापडला,” ते म्हणाले. “हरलो बाळा. तूच सांग.”

ती सांगत सुटली. वॉर्डात एक म्हातारबाबा होते, खाजेनं रात्र रात्र डोळा लागायचा नाही. सिस्टरनी तिला त्यांच्या गोळीचं नाव वाचायला लावलं, हायड्रॉक्झिझिन. गोळी घेऊन बाबा झोपले आणि उठल्यावर त्यांनी तिचं नाव विचारलं. सरांनी तो शब्द तिच्याकडून दोनदा म्हणून घेतला, जणू आयुष्यात पहिल्यांदाच ऐकतायत. मग हळूच म्हणाले, “रातपाळीला भ्या वाटतं का गं?”

कधीच काही विचारणार नव्हता तो माणूस. तारामतीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग त्यांनीच टेम्पो परत पाठवला. त्या म्हणाल्या, नव्याच्या काचेला अक्षरं चिकटत न्हाईत, ह्याला राहू द्या कपाट म्हणून.

आता मी मागच्या व्हरांड्यात असतो. पोटात तुरीची डाळ आणि लुंबिनीची जुनी पुस्तकं.

त्या रविवारी संध्याकाळी लुंबिनीनं धुवायला सरांचा शर्ट घेतला आणि सवयीनं खिसा चाचपला. स्ट्रिप बाहेर काढून तिनं तिच्यावरचं नाव वाचलं. मग माझ्याकडे आली, स्ट्रिप परत अंड्यांच्या कप्प्यात खोचली आणि दार हळूच लावलं. कुणाला एका शब्दानं बोलली नाही.

सकाळी ती निघाली तेव्हा दारावर सरांनी लावलेली नवी तीन अक्षरं होती. उत्तर हल्ली फोनवर चालतं.

माझं एवढंच मागणं आहे. उद्या भंगारात द्यायची वेळ आली तर खुशाल द्या, पण आधी दाराचा कप्पा बघा. गोळ्या कधीच्या संपल्यात, रिकामी स्ट्रिप तिथंच आहे. सर डाळ काढायला येतात, लेक पुस्तकं काढायला येते. दोघंही ती बघतात, आणि कुणीच टाकत नाही.