गाईची धार

कवी आणि त्याची थोरली बहीण मळ्यात दोघंच राहत. गोठ्यावरच्या कवितांनी त्याचं नाव झालं होतं. बहिणीचं डावं अंग लुळं पडलं आणि दुसऱ्याच दिवशी गाय कासेच्या ठणक्याने हंबरू लागली.

कवीने सड ओढले. धार येईना. गाईने लाथेने बादली उडवली.

"ताई, मला नाही गं जमत!"

"इतकी वर्षं गोठ्यात बसून काय बघत होतास रे?"

"तुझे हात."

"मग उचल मला."

त्याने तिला पाठुंगळी नेलं आणि गाईजवळ धरून बसवलं. चांगल्या हाताने तिने दोन सड मोकळे केले, आणि तोही हात गळून पडला. गाय पुन्हा हंबरली. बहिणीला सावरून बसलेल्या कवीला काय करावं ते सुचेना.