जबलवरची माफी

गल्फमध्ये नवा आलेला आपला माणूस पहिल्याच आठवड्यात या शब्दावर आपटतो. काहीतरी चुकतं, अर्बाब, म्हणजे मालक, डोळे वटारतो आणि हा काकुळतीला येऊन म्हणतो, "माफी, माफी!" इथल्या बोलीत माफी म्हणजे 'नाही'. मोया माफी, म्हणजे पाणी नाही. अर्बाब आणखीच भडकतो. दापोलीहून आलो तेव्हा मीही अशाच शिव्या खाल्ल्या होत्या. आता ओमानमध्ये, निझवात, माझी स्वतःची फोर-व्हील गाडी आहे, टुरिस्ट फिरवतो. इंडियातली फॅमिली बसली की जबल अख्दर डोंगराच्या चढणीवर मी हा किस्सा सांगायचो आणि गाडीत हशा पिकायचा.

दोन हजार तेराच्या थंडीत पेनफोल्ड नावाचे म्हातारे इंग्रज साहेब गाडीत बसले. त्यांना बागा बघायच्या नव्हत्या, फोटो काढायचे नव्हते. एका गावाचं नाव सांगून म्हणाले, "तिथे सालिम नावाचा माणूस आहे. त्याच्याशी बोलायचंय. तू भाषांतर कर, जमाल."

चढणीवर त्यांनी खिशातून शौर्यपदक काढलं. एकोणसाठ साली, सुलतानाच्या बाजूने जबलवर बंडखोरांशी लढताना, त्यांनी एका गुहेत ग्रेनेड टाकला होता. शत्रूचा अड्डा उडवला म्हणून लंडनला पदक मिळालं, पेपरात फोटो आला. "आत बंदुका नव्हत्या," ते म्हणाले. "आमच्या विमानांना भिऊन एक कुटुंब लपलं होतं. बकऱ्यांमागे गेलेला मुलगा तेवढा वाचला. तोच सालिम."

मला त्यांचा रागच आला. इतकी वर्षं पदक मिरवलंत आणि आता पाय लटपटायला लागल्यावर आठवण झाली? पण गिऱ्हाईक होते. राग गिअरवर काढला.

"तुझ्या भाषेत 'फरगिव्ह मी' कसं म्हणतात?" त्यांनी विचारलं.

"माफी मागतात, साहेब."

"माफी," ते म्हणाले आणि विचित्रच हसले.

सालिमबाबांनी आम्हाला मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या बैठकीत, बसवलं, गहवा म्हणजे कॉफी ओतली, खजूर पुढे केले. पेनफोल्ड साहेबांनी पदक सतरंजीवर ठेवलं. "सांग त्याला. मला क्षमा कर म्हणावं."

टायर, पेट्रोल, भाडं, सलाम, एवढीच माझी अरबी. क्षमा मागायची वेळ आली की मी 'सॉरी'वर निभावून नेतो. मी साहेबांकडे बोट दाखवलं. "हाजा नफर, अव्वल अस्करी." हा माणूस पूर्वी शिपाई होता. मग खिडकीतून डोंगराकडे हात केला, पदकाकडे केला, "अबूक, उम्मक," तुझे वडील, तुझी आई, असं म्हणालो आणि दोन्ही हात जोडले.

सालिमबाबांना सगळं कळलं. त्यांनी पदक उचललं, साहेबांच्या तळहातावर परत ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, "माफी."

पेनफोल्ड साहेब त्यांचा हात धरून ढसाढसा रडले. सालिमबाबांनी हात सोडवून घेतला नाही. रडणं थांबेपर्यंत थांबले, मग खजुराची थाळी पुन्हा पुढे सरकवली. घरी आलेला पाहुणा होता, शेवटी.

उतारावर मी पुन्हा पुन्हा साहेबांकडे बघत होतो. मीच शिकवलेला शब्द कानात धरून हा म्हातारा सुटल्यासारखा बसला होता. खरं सांगावं तर गाडीतच काही व्हायचं. न सांगावं तर त्या गुहेतल्या माणसांचं उत्तर मीच गिळलं असं व्हायचं. शेवटी पोलीस चौकीच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली.

"साहेब, तो शब्द... अरबीत त्याचा अर्थ..."

"'नाही' असा," ते म्हणाले. "ठाऊक आहे मला. वर्षभर होतो इथे. 'थांब', 'हात वर', 'पाणी' आणि 'माफी', आम्हाला एवढंच शिकवलं होतं."

"मग रडलात कशाला?" मी तडकूनच विचारलं.

ते मुठीतल्या पदकाकडे बघत राहिले. "गुहेत आम्ही अरबीत ओरडून विचारलं होतं, आत बंदूक आहे का? आतून एक बाई हेच म्हणाली होती. माफी. मी ऐकलं होतं, जमाल."

त्यानंतर चढणीवर माफीचा तो किस्सा मी पुन्हा कुणाला सांगितला नाही.