दोन बोटांचा फरक

बटण बोटांत फिरवलं की त्याच्या कडेला तपकिरीतून एक पिवळसर रेघ निघायची आणि लगेच विझायची — शिंगाचं होतं, चार भोकांचं, आणि ते नखावर टकटक वाजवून बघताना तिला हसू आलं, कारण अशी हजारो बटणं तिच्या हातून गेली होती आणि हे आवडतंय का असं एकदाही, एकदासुद्धा कुणी विचारलं नव्हतं. बटणं पुडीतून यायची. लावायची आणि पाठवायची.

"हे," ती म्हणाली.

"बघा हं," शिंपीमास्तर म्हणाले. "मघाशी काळं म्हणालात. मग कापडाच्या रंगाचं म्हणालात."

"ती दोन्ही रद्द."

खुर्चीत बसलेल्या थोरल्या बहिणीनं चहाचा कप खाली ठेवला. "चिंगे, अगं लग्नाचे कपडे घेताना पाच मिनिटं लावली नव्हतीस तू."

"ते तूच घेतलेस, ताई. मी नुसती उभी होते."

मास्तर खाली बघून हसले. टेबलावर तिचं कापड पसरलेलं होतं, गडद हिरवं, लोकरी, ठाणातला शेवटचा तुकडा, एका कोटापुरता आणि वर वीतभर. दुपारी मास्तर त्याला कात्री लावणार होते. म्हणजे सगळं आत्ताच ठरवायला हवं होतं, आणि सगळं तिनंच... सकाळपासून ती या सगळ्याकडे बघत होती, शाळेत न गेलेल्या मुलीनं शाळेच्या फाटकातून आत पाहावं तसं. एक तारखेपासून ती शिकवायला जाणार होती. शिवणकामाच्या शाळेत, वीस मुलींना, हातानं काज कसं करायचं ते. पस्तीस वर्षं घरातल्या खिडकीपाशी बसून ती याच दुकानातल्या कोटांची काजं करत आली होती, आणि या दुकानात तिला सगळे 'काजवाल्या बाई' म्हणत, ती समोर असली तरीही. आता वीस मुली उठून उभ्या राहतील. तेव्हा अंगावर हा कोट असेल, तिला हवा तसा — फक्त हवा कसा, ते कळायला हवं.

"अस्तर?" मास्तरांनी तुकड्यांचा जुडगा पुढे केला. "राखी घ्या. चांगलं दिसतं."

राखी. काळं. मातकट. तिच्या मांडीवरून गेलेले सगळे कोट आतून असेच होते, फक्त एकदा — धाकटा मुलगा तेव्हा रांगत होता — एक काळा कोट आला होता आणि उलटा केला तर आत हे असं भगभगीत नारिंगी! कुणाचा होता कोण जाणे. ती तो मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसून राहिली होती, सुई ओवलेली तशीच, आणि मनात त्या माणसाशी बोलत होती, की बाबा रे, बाहेरून एवढा गंभीर आणि आत हे काय घेऊन फिरतोस? तिला त्याचा हेवा वाटला होता. कोटाचा नव्हे. लपवायला काहीतरी असण्याचा.

"नारिंगी आहे?"

"नारिंगी!" बहीण म्हणाली. "आतलं बघणार कोण?"

"मी."

"वेडी झालीयेस तू."

झाले असेन. साठीला वेड लागायचं नाही तर कधी लागायचं? माझ्या हातांना घाम येतोय, आणि मी तो हिरव्या कापडाला लागू नये म्हणून हात मागे धरून उभी आहे, चोरासारखी, माझ्याच कापडापाशी.

मग गोष्टी भराभर ठरत गेल्या. कॉलरची पट्टी रुंद, टोक वर वळलेलं नको. खिशांना झाकणं हवीत. आत डावीकडे चष्म्याचा खिसा, खोल, वाकल्यावर चष्मा पडता कामा नये. बाहीची बटणं नुसती शोभेची नकोत, खरोखर उघडणारी हवीत, म्हणजे शिकवताना बाह्या वर सारता येतील.

"काजं पुढच्या उजव्या पाखीला ना?" मास्तरांनी विचारलं. "बायकांची तशी असतात."

"डावीकडे."

"पुरुषांसारखी?"

"आजवर तुम्ही दिलेली सगळी डावीकडचीच होती, मास्तर. मला तीच बाजू ओळखीची आहे."

मास्तरांनी मान डोलावली, वहीत लिहिलं. "आणि काजं तुम्हीच करणार, हे विचारायलाच नको."

तिनं क्षणभर विचार केला. "नाही. दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"अहो, तुमच्यासारखी —"

"नीट झाली नाहीत तर मी परत पाठवीन. तुम्ही पाठवायचात तशी."

बहीण एवढी मोठ्यानं हसली की शेजारच्या दुकानदारानं डोकावून पाहिलं. मास्तरही हसले, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आणि तिला वाटलं, हे आपण बोललो? एवढ्या सहज? आतून कसं हलकं हलकं, जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या उतरल्यासारखं...

"आरशासमोर उभ्या राहा. सरळ."

ती उभी राहिली. मास्तरांनी टेप खांद्यावर टाकली, मग दुसऱ्या खांद्यावर, मग परत पहिल्या. ओठ आवळून त्यांनी मागून पाहिलं.

"उजवा खाली आहे. दोन बोटं तरी."

"काय?"

"खांदा. बसायची सवय. एका कुशीवर वाकून काम केलं की होतं." त्यांचा आवाज उतरला होता. "काळजी करू नका, आतून जाड गादी घालतो त्या बाजूला. कुणाला कळणार नाही."

"घालायलाच हवी," बहीण म्हणाली. "मुलींसमोर उभं राहायचंय तिला."

तिनं आरशात पाहिलं. खरंच होतं. इतकी वर्षं वेणी घालताना, तोंड धुताना आरशात हाच खांदा तिनं पाहिला होता की नाही? तिनं तो उचलला; आला वर. सोडला, गेला खाली, आपल्या जागी, एखाद्या म्हाताऱ्या मांजरासारखा. खिडकी उजव्या हाताला होती. उजेड पकडायला तिकडे झुकायचं, अजून थोडं, संध्याकाळी अजून थोडं... तर हे सगळं गेलं ते इथे. तिला वाईट वाटेल असं तिला वाटलं, आणि ती वाट बघत राहिली. पण वाईट काही येईना. आली ती एक विचित्र, धडधडती उत्सुकता, जणू कुणीतरी नवीन माणूस खोलीत आलं होतं.

सरळ खांद्यांची मी मुलींसमोर कशी दिसेन? छान दिसेन. आणि अशी, आहे तशी? वीस मुली बघतील, त्यातली एखादी विचारील, बाई, तुमचा खांदा असा का... आणि मग मी तिला काय सांगेन? खिडकी कुठल्या हाताला ठेव, हे आधी सांगेन का? सुईच्याही आधी?

"मग घालू ना गादी?" मास्तरांनी विचारलं.

"थांबा," ती म्हणाली.

मास्तर थांबले. ती आरशापुढे अर्धवट वळली, मग दुसऱ्या बाजूला, पुन्हा पहिल्या, आणि तिला कसलीही घाई नव्हती.