पुढच्या खेपेला बघू

लातूरचं कोचिंग अर्धवट सोडून अनिमेष रत्नागिरीला मासेमारी बोटीवर लागला. बोटीच्या रेडिओला जीपीएस जोडला, की संकटाचं बटण दाबताच बोटीची जागाही किनाऱ्यावर कळते. या बोटीवर तो जोडलेलाच नव्हता.

"अर्धा दिवस बोट थांबवा, मी जोडतो," तो मालकाला म्हणाला.

"मासळी थांबते का? पुढच्या खेपेला बघू."

त्याच खेपेत बोट वादळात बुडाली. अनिमेषनं बटण दाबलं होतं. हाक किनाऱ्यावर पोचली, पण जागा कळली नाही. शोधणारे भलतीकडेच फिरले.

मालक लातूरला अनिमेषच्या घरी सांत्वनाला आला. "नशीब," म्हणाला.

अनिमेषची आई सौदामिनी उसळली, "भूकंपात मी ढिगाऱ्याखाली होते. आवाज आला तिथंच लोकांनी खणलं. माझ्या लेकरानं बी हाक मारली. कुठून, ते तुम्ही कळू दिलं न्हाई."

पाणीही न विचारता तिनं दार लावलं.