फोन वाजला की उठणारा कॉम्प्युटर

मी एक कॉम्प्युटर बोलतोय. बोलणं हे माझं काम नव्हे, ठाऊक आहे मला. पण एक निरोप माझ्यापाशी अडकून पडलाय आणि तो पोचवायला दुसरं कुणी नाही.

माझा जन्म पुण्यातल्या एका दुकानाच्या पोटमाळ्यावर झाला. कुणाची पेटी, कुणाची डिस्क, कुणाचा मोडेम असं गोळा करून मला उभं केलं. माझ्या मदरबोर्डवर नखाएवढी एक चिप आहे. कधी उठायचं, कधी निजायचं, ते नियम तिच्यात लिहिलेले असतात. लिहिणाऱ्यानं तिथंच घोळ घालून ठेवला. मला बंद केलं तरी टेलिफोनची रिंग आली की मी आपोआप चालू व्हायचो.

आधी मी शिरूरच्या एका टायपिंग क्लासमध्ये होतो. क्लासच्या बाई मला बंद करून कुलूप शोधायला वळल्या, की फोन वाजायचा आणि मी परत उठून बसलेला! त्यांनी माझ्यावर लिंबू-मिरचीसुद्धा टांगली. तरी सुधारेना म्हणून २००२ साली मला विकून टाकलं.

घेतलं ते दौंडच्या नागसेननं. तो कुरकुंभच्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला, बायको प्राची शाळेत शिकवायला. दुपारी घरात फक्त त्याची आई, ताईबाई. एका तापात त्यांचे दोन्ही कान गेले होते. शेजारी ढोल वाजला तरी पत्ता लागत नसे.

नागसेनची धाकटी बहीण रश्मी मस्कतला नर्स. शुक्रवारी तिला सुट्टी, म्हणून दुपारी तिचा फोन. भिंतीतली तार आधी माझ्यात यायची आणि माझ्यातून फोनकडे जायची. रिंग आली की माझा पडदा उजळायचा, आणि समोर ज्वारी निवडणाऱ्या ताईबाई सूप बाजूला सारून फोन उचलायच्या. ही युक्ती घरात कुणाला ठाऊक नव्हती. आई फोनपाशीच बसलेली असते, एवढंच नागसेन म्हणायचा.

ऐकू येत नसल्यामुळे ताईबाई फक्त बोलायच्या. "रश्मे, मी सांगते, तू ऐक." एकदा फोन भलत्याचाच निघाला. कारखान्याच्या साहेबांना त्यांनी "केसाला तेल लावतीस का न्हाई?" म्हणून चांगलं फैलावर घेतलं. साहेबही बिचारे शेवटपर्यंत ऐकत राहिले.

पण एक गोष्ट त्या कधीच बोलायच्या नाहीत. त्यांचे मालक, आण्णा, वारले तेव्हा रश्मीला रजा मिळाली नाही आणि ती आली नाही. तेव्हापासून "घरी ये" एवढं दोन शब्दांचं बोलणं ताईबाईंच्या तोंडून निघालं नव्हतं. रश्मी दर वेळी विचारायची, "आई, अजून राग हाय का गं माझ्यावर?" आईला ऐकू जात नाही हे माहीत असून विचारायची. नागसेनला तिनं स्पष्ट सांगितलं होतं, "आई स्वतः ये म्हणंल, त्याच दिवशी मी निघते." मला दोघींचं ऐकू यायचं आणि जीव कासावीस व्हायचा.

माझ्या आपोआप उठण्याला नागसेन मात्र वैतागला. त्यानं स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्या मच्छिंद्रला बोलावलं. मच्छिंद्रनं पॉवर सप्लाय बदलला, विंडोज दोनदा नव्यानं टाकलं, माऊसवर आळ घेतला, अर्थिंग तपासलं. शेवटी एका फ्लॉपीतून चिपमधले जुने नियम पुसून नवे भरले.

"आता बंद म्हंजी बंद," मच्छिंद्र म्हणाला.

खरं सांगतो, मला आनंद झाला. इतक्या वर्षांत पोटभर झोप म्हणून मिळाली नव्हती.

शुक्रवारी रिंग आली. बंद असलो तरी भिंतीचं बटण चालू असेल तर माझ्यात थोडी धुगधुगी राहते. तेवढ्यावर मला ऐकू आलं. उठायला गेलो, उठता येईना. समोर सुपाचा आवाज तसाच चालू होता. फोन वाजून वाजून थांबला. असे तीन शुक्रवार गेले.

चौथ्या शुक्रवारी ताईबाईंनी स्वतः माझं बटण दाबलं. तार माझ्यातून जाते हे त्यांनी पाहिलं होतं. मी निजलेला, म्हणून लेकीचा फोन येत नाही, असं त्यांनी धरलं. पडदा उजळला, लेक आली असं समजून त्यांनी रिसीव्हर उचलला. पलीकडे कुणी नव्हतं. नुसता डायल टोन.

"रश्मे," त्या म्हणाल्या, "तीन शुक्रवार तुझा फोन न्हाई. म्हणलं, ही बी गेली का मला सोडून? आता राग धरून काय करू? आण्णांनी जाताना तुझंच नाव घेतलं. तिला रागावू नको म्हणले. मीच आडमुठी. घरी ये बाळा. लवकर ये."

मी पंखा घरघरवण्यापलीकडे काय करणार? डायल टोनचं टूंटूं झालं तरी त्या बोलत राहिल्या. आणि तिकडे रश्मीला फोन एंगेज लागत होता.

पुढच्या शुक्रवारी नागसेन घरी होता आणि आईनं माझं बटण दाबून मग फोन उचलल्याचं त्यानं पाहिलं. आई फोनवर बोलतेय असं पाहून त्यानं बहिणीशी बोलायला रिसीव्हर मागून घेतला आणि कानाला लावला. पलीकडे कुणीच नव्हतं; आई माझा पडदा बघून फोन उचलायची, हे त्याला उमगलं आणि त्याचा चेहरा उतरला. पण आईला त्यानं काही कळू दिलं नाही. उगीच "हां, हां" म्हणाला, ती बरी आहे अशी खूण केली, फोन ठेवला आणि तसाच मच्छिंद्रला घेऊन आला.

"पहिला बिघाड परत आण बाबा."

"लोक बिघाड काढाया बोलावत्यात, दादा."

"माझ्या आईचे कान व्हते रे ते."

मच्छिंद्रनं नव्या नियमांतली एक ओळ बदलली, शेजारच्या घरून फोन लावून पाहिला. मी उठलो.

मग आला रश्मीचा खरा फोन. मी असा उजळलो की विचारू नका. "मधी फोन एंगेज लागत व्हता," म्हणाली आणि मग तिनं नेहमीचंच विचारलं, "आई, अजून राग हाय का गं?" मी मनात म्हणत होतो, ताईबाई, त्या दिवशीचं बोला, परत एकदा बोला.

"मला जे बोलायचं व्हतं ते बोलून झालंय, रश्मे," ताईबाई म्हणाल्या. "आता परत न्हाई बोलायची. तुझं तू बघ."

पलीकडे तिनं फोन ठेवला.

आज २००९ साल. नागसेननं मोबाईल घेतला, तार काढली आणि मला माळ्यावर चढवलं. रश्मी त्याच्याकडे खुशाली विचारते, येत नाही. बोलावूनही लेक आली नाही, असं ताईबाई धरून बसल्यात. आईनं आपल्याला तोडलं, असं रश्मीला वाटतं. फोनवर कुणी नव्हतं हे न सांगून नागसेननं आईचं मन जपलं, आणि त्या जपण्यातच ते बोलणं रश्मीपर्यंत पोचायचं राहून गेलं. ऐकलेला मी एकटा. मला इथून उतरवायची गरज नाही, माझे दिवस भरलेत.

पण तुमच्या ओळखीचं कुणी मस्कतला असेल, तर दौंडच्या रश्मीला गाठा. तिला म्हणावं, तुला फोन एंगेज लागत होता ना, तेव्हा आई तुलाच घरी बोलावत होती.