अकरा मिनिटं कुणाची?

मी एक कॅसेट बोलतेय. नव्वद मिनिटांची, करड्या रंगाची, एका कोपऱ्याला चीर गेलेली. हसू नका. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये दहा हजार गाणी मावतात हे मला ठाऊक आहे. पण त्यातलं एक तरी गाणं कुणी पेन्सिल घालून, हळूहळू फिरवून, गुंता सोडवून वाचवलंय का? मला वाचवलंय. एकदा नाही, अनेकदा.

माझ्या जन्माची गोष्ट फार मोठी नाही. कारखान्यात एका दिवसात माझ्यासारख्या हजारो जणी जन्मतात, तिथं बारसं कोण करणार? १९८८ साली मी खोक्यातून बाहेर आले ती पैठण गेटजवळच्या शफीकभाईंच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात. माझ्याबरोबर आलेल्या नऊ जणींच्या नशिबी कव्वाल्या, भाषणं आणि एका साहेबांचे इंग्रजी सुधारण्याचे धडे आले. मला शफीकभाईंनी स्वतःसाठी ठेवून घेतलं. म्हणजे माझ्या नशिबी जॅझ आलं.

मराठवाड्यात जॅझ कुठून, असं विचारू नका. जिथं रेडिओ पोचतो तिथं सगळंच पोचतं. शॉर्टवेव्हवर परदेशातला एक कार्यक्रम लागायचा. खरखर, शिट्टी, मध्येच कुठल्या तरी भाषेतल्या बातम्या, आणि त्या सगळ्यातून वाट काढत कुणीतरी ट्रम्पेट वाजवतोय. दुरुस्त केलेले रेडिओ तपासता तपासता शफीकभाई त्याच्या नादी लागले, आणि मग त्यांनी वीज मंडळातल्या रामप्रसादांना नादी लावलं. दर रविवारी सकाळी शटर अर्धं वर करून दोघं दुकानात बसायचे. मधल्या काळात चार-दोन जण आले, गेले. हे दोघं अजून तिथंच आहेत.

बैठकीचा एक नियम होता. ज्यानं रेकॉर्डिंग आणलं त्यानं वाजवणाऱ्याचं नाव सांगायचं नाही. बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायचं आणि नाव चिठ्ठीवर लिहायचं. ज्याचं चुकेल त्यानं पुढच्या रविवारी सगळ्यांना नान-खलिया खाऊ घालायचा. रामप्रसादांच्या घरी मटण शिजत नसे, त्यामुळे हॉटेलातून मागवून स्वतःलाही खायचं निमित्त मिळावं म्हणून ते कधीकधी मुद्दाम चुकतात, अशी शफीकभाईंना दाट शंका होती.

आता माझ्या पोटातली गोष्ट सांगते.

माझ्या दुसऱ्या बाजूवर शफीकभाईंनी रेडिओवरून चौतीस मिनिटं जॅझ उतरवून घेतलं आणि मला तसंच टेपरेकॉर्डरमध्ये राहू दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांची धाकटी बहीण ताहेरा तो टेपरेकॉर्डर घेऊन पाचोडला गेली. तिच्या मैत्रिणीचं, अंबिकाचं, लग्न होतं आणि बायकांची गाणी तिला उतरवून घ्यायची होती. मशीन चालतंय का बघावं म्हणून तिनं मांडवाच्या मागं, लिंबाच्या झाडाखाली बटण दाबलं. तिथं बँडवाले सावलीला टेकले होते. लग्न लागलं होतं, पंगत बसायची होती, पोटात कावळे ओरडत होते. त्यातल्या एकानं सॅक्सोफोन उचलला आणि स्वतःशीच वाजवायला लागला.

ते कुठलंच गाणं नव्हतं. एक लहानशी ओळ त्यानं धरली, सोडली, उलटी करून पाहिली, तिला रडवलं, मग तिलाच गुदगुल्या केल्या. मी आदल्याच दिवशी मोठमोठ्या परदेशी वादकांना पोटात घेऊन बसले होते, म्हणून अधिकारानं सांगते, हा माणूस त्यांच्या पंगतीला बसणारा होता.

अकरा मिनिटांनी माझी बाजू संपली आणि खट्‌ करून बटण उडालं.

ताहेरानं विचारलं, "मास्तर, काय वाजवलं वो ह्ये?"

"कायी नाय बाई. जेवायची हाक येईपर्यंत बसलो व्हतो."

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "ओ फकिरा मास्तर, या की! ताटं मांडली." मास्तर उठून गेले. ताहेरानं माझ्या जागी दुसरी कॅसेट घातली, तिच्यावर गाणी घेतली, आणि घरी आल्यावर मला मुकाट्यानं दुकानात ठेवून दिलं. पुढं ती लग्न होऊन जालन्याला गेली. रविवारच्या बैठकीला ती कधी आली नाही आणि तिला कुणी बोलावलंही नाही.

पुढच्या रविवारी मला लावलं. चौतीस मिनिटं झाली, एक बारीक टिच्‌ असा आवाज आला, आणि फकिरा मास्तर सुरू झाले. शफीकभाईंना वाटलं, हेही रेडिओवरचंच. रामप्रसाद तर खुर्चीच्या काठावर आले.

"शफीकभाई, जॉनी हॉजेस. शंभर टक्के!"

"नक्को रे बाबा. आर्ट पेपर हय. कान साफ कर."

झालं. हॉजेस आणि पेपर, दोघंही अमेरिकेतले नामांकित सॅक्सोफोनवाले; त्या दिवसापासून जे भांडण जुंपलं ते छत्तीस वर्षं चाललं. आणि पुरावे तरी काय काय! मागं ठक-ठक, ठक असा आवाज येतो. रामप्रसाद म्हणाले, ड्रमवाला लाकडी ठोकळ्यावर वाजवतोय, आणि इतका मोकळा हात फक्त न्यूयॉर्कमध्येच. पंगतीची ताटं खणखणली, तर हे म्हणाले, क्लबमधले ग्लास. वाढप्यांची गडबड म्हणजे म्हणे जाणकार श्रोत्यांची कुजबुज! रामप्रसादांनी या अकरा मिनिटांवर वहीची बावीस पानं भरली. मी डेकमध्ये गरगरत होते आणि मनात म्हणत होते, अहो, ती मसालेभाताची गडबड आहे!

पण कॅसेटला स्वतःचं काही बोलता येत नाही. जे भरलंय तेवढंच बोलायचं. खरं सांगते, याचा मला फार त्रास झाला. पाचोडात एक माणूस म्हातारा होत चालला होता, त्याची ही एवढी एकच आठवण जगात उरली होती, आणि तिच्यावर दर रविवारी दुसऱ्याचं नाव लागत होतं.

मग सीडी आल्या, त्यांच्यामागून फोन आले. मी बारा वर्षं स्क्रू ड्रायव्हरांच्या ड्रॉवरमध्ये पडून होते. फितीला बुरशी लागली. माझ्यात असलेलं असंच जाणार, असं मी धरून चालले होते.

तेव्हा प्रांजली आली. फुलंब्रीची पोरगी, बिडकीनला कंपनीत इंजिनीअर. आपल्या कडूबाआजोबांचा जुना रेडिओ दुरुस्तीला घेऊन आली, ती रविवार होता म्हणून चहाला बसली, आणि चहा संपला तरी उठली नाही. सहा महिन्यांत तिनं चिठ्ठ्यांच्या खेळात दोघांनाही पाणी पाजलं. शफीकभाईंच्या सगळ्या कॅसेटी संगणकात उतरवायचं कामही तिनंच अंगावर घेतलं.

रामप्रसादांच्या तर अंगावर मूठभर मांस चढलं. जगभरच्या जॅझवेड्यांचा इंटरनेटवर एक गट आहे, तिथं नॉर्वेपासून जपानपर्यंतची मंडळी रेकॉर्डिंग टाकतात आणि एकमेकांशी भांडतात. रामप्रसादांनी तिथं आधीच जाहीर करून टाकलं, की येत्या रविवारी आमच्याकडचं जॉनी हॉजेसचं कुणी न ऐकलेलं वादन ऐका. शफीकभाई चिडले, पण आर्ट पेपरच्या बाजूनं त्यांच्याकडे फक्त आवाज होता, वही नव्हती. मला धडकी भरली. दुकानातली चूक दुकानात राहते. ही चूक साऱ्या जगात जाणार होती.

तो रविवार उजाडला. प्रांजलीनं मला पुसलं, घडी पडलेली फीत बोटानं सरळ केली आणि बटण दाबलं. ती ही अकरा मिनिटं पहिल्यांदाच ऐकत होती. दोन मिनिटांनी तिनं डोळे उघडले.

"काका, हे लाकूड नाहीये."

"मग काय आहे?"

"घोडी आहे."

रामप्रसाद हसले. "अगं बाळ, ड्रमवाल्याच्या त्या ठेक्यावर मी चार पानं लिहिलीत."

"लिहिली असतील. पण माझ्या आजोबांनी लग्नाच्या घोड्या पाळल्या. माश्या बसल्या की घोडी पुढचा पाय आपटते. हा फरशीवरचा नाल आहे. आता थांबा, अंग झटकंल." आणि खरंच, घुंगरांचा झणकारा झाला. "बघा. न्यूयॉर्कच्या क्लबात नवरदेव आला होता व्हय?"

मला तर नाचावंसं वाटलं. शफीकभाईंनी टोपी काढून डोकं खाजवलं, टेपरेकॉर्डर लग्नाला कोण घेऊन गेलं होतं ते आठवलं, मग जालन्याला फोन लावला. ताहेरा पलीकडून खो-खो हसत सुटली. "भाईजान, वो तो पाचोड का बँडवाला था! फकिरा मास्तर. इतके साल किसी ने पूछा क्या मेरे को?"

रामप्रसादांचा चेहरा पाहवत नव्हता. बावीस पानं, छत्तीस वर्षं, आणि जगभर केलेली जाहिरात. ते उठले. मला वाटलं, घरी निघाले. त्यांनी वही पिशवीत टाकली आणि म्हणाले, "गाडी काढ प्रांजली. पाचोडला जाऊ. माणूस आहे का गेला, ते तरी बघू."

सगळ्या वाटेत मी शफीकभाईंच्या मांडीवरच्या टेपरेकॉर्डरमध्ये होते.

मास्तर होते! ब्याऐंशी वर्षांचे, ओसरीवर बाजेवर बसलेले, छातीत हवा कमी आणि डोळ्यांत मिश्किलपणा भरपूर. त्यांच्या बायकोनं, बानाबाईंनी, पाणी आणून दिलं आणि कोण कुठले म्हणून विचारलं. रामप्रसाद पिशवीतली वही चाचपत राहिले. शेवटी प्रांजलीनं नुसतं बटण दाबलं.

मी आयुष्यात इतका जीव ओतून कधी वाजले नव्हते.

मास्तरांनी पहिल्या ओळीलाच मान उचलली. त्यांची बोटं मांडीवर चालायला लागली. "माझंच हाय ह्ये," ते हळूच म्हणाले. "छावणीत, मिलिट्रीच्या बँडात सायमन मास्तर व्हते, गोव्याचे. पोरगा असताना त्यांची वाद्यं पुसायचो मी. त्यांनी शिकिवलं. म्हनायचे, लोकांसाठी वाजवून झालं की थोडं स्वतासाठी वाजवावं, न्हाईतर वाजा रुसतो."

रामप्रसाद खाली बसले होते. त्यांनी वही उघडली आणि लहान मुलासारखं विचारलं, "मास्तर, सातव्या मिनिटाला तुम्ही एक सूर मध्येच सोडून देता. मी त्याच्यावर दोन पानं लिहिलीत. तो असा अर्धा का सोडला?"

"सातव्या? जिलबी आलेली दिसली आसंल," मास्तर म्हणाले.

शफीकभाई इतके हसले की त्यांना ठसका लागला. रामप्रसादही हसले. डोळे पुसत त्यांनी मास्तरांचे पाय धरले, तर मास्तर पाय आखडून घेत म्हणाले, "आवो सायेब, ह्ये काय!"

पण मी बघत होते बानाबाईंकडे. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. हातातला पाण्याचा तांब्या तसाच होता. पंचावन्न वर्षांचा संसार. लग्नसराईत नवरा गावोगाव, त्या घरात. घरी वाजा नेहमी फडक्यात बांधलेला, कारण लेकरं झोपलेली, नाहीतर शेजाऱ्यांची कटकट, नाहीतर दमलेला माणूस. बँडवाल्याच्या बायकोला लग्नाच्या वरातीत कोण नेतं?

मी संपले. खट्‌.

बानाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "इतकी वर्सं तुमी ह्ये दुसऱ्यांच्या दारात वाजवत व्हते व्हय?"

मास्तर जमिनीकडे बघत राहिले. बानाबाईंनी तांब्या खाली ठेवला, पदर सावरला आणि माझ्यासमोर फतकल मारून बसल्या. "लावा परत," त्यांनी फर्मान सोडलं.

त्या दिवशी मला सहा वेळा लावलं. माझ्या वयाला ते झेपणारं नव्हतं, पण मी एकदाही अडखळले नाही.

आता प्रांजलीनं ती अकरा मिनिटं जगात पाठवलीत. नाव आहे फकिरा मास्तर, पाचोड. खाली रामप्रसादांनी स्वतः लिहिलंय की आम्ही छत्तीस वर्षं चुकलो आणि इतकं सुख चुकण्यात असतं हे माहीत नव्हतं. नॉर्वेच्या एका गृहस्थांना हे अजून पटलेलं नाही. त्यांचं भांडण चालू आहे, चालू दे. बैठकीला आता ताहेराही येते, आणि चिठ्ठ्यांत सगळ्यांना हरवते.

मला मात्र शफीकभाईंनी टेपरेकॉर्डरसकट पाचोडलाच ठेवलं. फीत झिजलीय. आणखी किती दिवस वाजेन, सांगता येत नाही. त्याचं दुःख नाही. फक्त एवढं ऐका. तुमच्या घरात कुणी वाजवणारा असेल, गाणारी असेल, बाहेर टाळ्या घेऊन येत असेल, तर आज जेवणाआधी त्याला म्हणावं, बस, आमच्यासाठी वाजव. आणि खरंच बसा.

थांबते. भांडी झाली वाटतं. बानाबाई हात पुसत इकडेच येताहेत, आणि त्यांच्या मागून मास्तर कुरकुरताहेत, "आगं, सकाळीच ऐकलं की!"