अलीकडचा स्लॅब

पुलाचे स्लॅब जागेवर ओतायचे दिवस गेले. आता ते आधी यार्डात साच्यांत ओततात, महिनाभर पाणी मारून थप्पीला लावतात आणि मग क्रेनने उचलून गर्डरवर ठेवतात. गर्डरच्या पाठीवर लोखंडी खुंट्या जडवलेल्या असतात, स्लॅबला चौकोनी खिडक्या ठेवलेल्या असतात. खुंट्या खिडक्यांत आल्या की वरून काँक्रीट भरायचं, काम संपलं. नाही आल्या, तर बारा टनांचा स्लॅब हवेत लटकत ठेवून सगळ्यांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं. स्टोअरकीपर म्हणून वीस वर्षांत हा प्रसंग मी दोनदा पाहिला. दुसऱ्या वेळी रंगाचा डबा मीच काढून दिला होता.

आमच्या पुलाला बारा स्लॅब. मधले दहा सारखे, कोणताही कुठेही लावा. टोकाचे दोन मात्र जुळ्या भावांसारखे, दिसायला एक आणि खिडक्या वेगळ्या. म्हणून त्यांच्यावर अक्षर टाकायचं. अ म्हणजे अलीकडचा, प म्हणजे पलीकडचा. नकाशात साहेबांचे लांबलचक नंबर असतात, ते कोण वाचतो? ही अ आणि प ची पद्धत आमच्या मुकादमांची. थप्पीही त्याच क्रमाने लागते. आधी बसायचा तो वर, शेवटी बसायचा तो तळाला.

अक्षरं टाकायचं काम मुकादमांच्या सुनेकडे होतं. आधी ती स्लॅबवर पाणी मारायची. अक्षर वळणदार आणि टेप धरायला हात पक्का, म्हणून साहेबांनी तिला तीन महिन्यांसाठी मार्किंगवर घेतलं. तीन महिने चूक झाली नाही तर नोकरी कायम. तिच्या आधीच्या माणसाला एका चुकलेल्या आकड्यासाठी घरी पाठवलं होतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. मुदत संपायला नऊ दिवस उरले होते. तिचा नवरा क्रेन चालवायचा. "तुमचं अख्खं घर एका दोरावर लटकलंय," असं मी चेष्टेने म्हणायचो. तेव्हा ती हसायची.

पहिला स्लॅब सकाळी आठला उचलला. त्यावर ठसठशीत अ. क्रेनवाल्याने तो सावकाश उतरवत वीतभर अंतरावर आणला आणि गर्डरवरच्या माणसाने हात वर केला. खुंट्या आणि खिडक्या यांत चार बोटांचा फरक. फिरवून पाहिला, तरी फरक तेवढाच.

"नाचता येईना अंगण वाकडं, असं झालंय का आज?" साहेबांनी क्रेनवाल्याला विचारलं.

"मी बरोबर नाचतोय, साहेब. अंगणच दुसऱ्याचं दिसतंय."

तिने टेप लावला, नकाशा पाहिला, पुन्हा टेप लावला.

"हा पलीकडच्या टोकाचा आहे," मुकादम म्हणाले. "मग याच्यावर अ कसा?"

हवा होता तो स्लॅब दुसऱ्या थप्पीच्या तळाला होता. त्याच्यावर पाच स्लॅब. ते उतरवून पुन्हा रचायचे म्हणजे अर्धा दिवस गेला. साहेबांनी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात क्रेनवाला केबिनमधून खाली उतरला. "साहेब, चूक माझी. कोणता स्लॅब कुठला ते मीच तिला सांगितलं. तिने ऐकून लिहिलं."

हे साफ खोटं होतं, आणि मला ते माहीत होतं. पण खोटं हिशेबी होतं. त्याची नोकरी पक्की, त्याला फार तर बोलणी बसली असती. तिने नुसतं गप्प राहायचं होतं. मुकादम जमिनीकडे बघत राहिले. मीही मनात म्हटलं, बाई, गप्प राहा.

"नाही साहेब," ती म्हणाली. "मला कुणी सांगितलं नाही. नकाशा बघून मीच लिहिलं. माप बरोबर आहे माझं."

"माप बरोबर, मग अक्षर कसं चुकलं?"

"हा त्या काठाचा स्लॅब. म्हणून अ लिहिलं."

"अगं, तो काठ म्हणजे पलीकडे."

तिने नदीपार पाहिलं. समोर निळी पाण्याची टाकी दिसत होती. टाकीमागे दोन गल्ल्या सोडून तिचं माहेर. जुना पूल पाडल्यापासून तिथे जायचं म्हणजे चाळीस किलोमीटरचा वळसा.

"मी त्याला अलीकडे म्हणते," ती म्हणाली.

आजवरचे आमचे सगळे पूल परक्या नद्यांवरचे, तिथे कुठल्याच काठाला कुणाचं घर नव्हतं. हा पहिलाच घरच्या नदीवरचा.

"लग्नाला आठ वर्षं झाली," मुकादम म्हणाले. ते कुणाला उद्देशून म्हणाले ते कळलं नाही. क्रेनवाला तिच्याकडे न बघता केबिनमध्ये परत चढला.

"ध चा मा झालेला ऐकला होता," साहेब म्हणाले, "प चा अ झालेला आज पाहिला." मग ते गंभीर झाले. उद्यापासून तिने पुन्हा पाण्याच्या पाइपवर जायचं. अक्षरं बंद, यापुढे फक्त नंबर. साहेब वाईट माणूस नाही, पण मला त्या दिवशी त्यांचा राग आला. माप बरोबर असलेलं माणूस त्यांनी एका अक्षरापायी मार्किंगवरून काढलं.

कुंचला मला परत द्यायच्या आधी तिने एक काम केलं. कुणी सांगितलं नव्हतं तरी लटकलेला स्लॅब खाली उतरवल्यावर तिने त्यावरच्या अ वर काट मारली आणि शेजारी प लिहिला. नेहमीच्याच वळणदार अक्षरात.

पुढचे चार दिवस नवरा-बायको यार्डात एकमेकांशी बोलताना दिसले नाहीत. घरी काय होतं ते मी विचारलं नाही. स्लॅब बसत गेले. पाचव्या दिवशी दुपारी शेवटचा, काट मारलेला, त्या काठाला बसला. खुंट्या खिडक्यांत अलगद आल्या. क्रेन मागे घेऊन आमच्या काठावर उभी केली. ती तिथेच, पहिल्या स्लॅबच्या भरलेल्या खिडक्यांवर पाणी मारत होती. मी नवं फडकं द्यायला आलो होतो.

क्रेनवाला उतरला, हात पुसत तिच्यापाशी आला. पुलाकडे बघत म्हणाला, "चल, पायी का होईना, अलीकडे जाऊन येऊ. तुझी आई घरी असेल ना?"



"अशाने तुमची नोकरी जाईल हो," ती म्हणाली, आणि पाइप माझ्या हातात दिला.